रिकाम्या गाडीला सगळंच बसतं

नाही, मी नाही सांगणार. सोळा वेळा सांगून झालंय, आणि सोळाच्या सोळा वेळा तुम्ही लोक चुकीच्या जागी हसता, आणि मग दुसऱ्या दिवशी बाजारात कोळीण मला विचारते, "काय ग्रेगरी, मिरची कशी?" चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने जेवून दुपारी तीन वाजता क्रुसाजवळच्या या बाकड्यावर दोन मिनिटं गप बसायचं की नाही? कोण? हा नितेश? मागच्या टॉवरात नवीन आलाय तो? त्याने नाही ऐकलं म्हणून मी सांगायचं? का, टॉवरात टीव्ही देत नाहीत काय?... बरं, बस. त्या बाजूला नको, तिथे कावळा बसतो. आणि मधे बोललास तर उठून जाईन. गुडघा दुखला तरी जाईन.

तुला सांगतो, एकच गोष्ट लक्षात ठेव, मग बाकी नाही ऐकलीस तरी चालेल. रिकाम्या गाडीला सगळंच बसतं. काय? रिकाम्या गाडीला सगळंच बसतं! हे कॉलेजात शिकवत नाहीत. मला पण कोणी शिकवलं नाही, मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यात तिसरी दोनदा. पण पत्रा मी एक्केचाळीस वर्षं ठोकलाय या मरोळमध्ये. ग्रेगरी डेंटर. विचार कोणालाही. गाडीवर नुसता हात फिरवून सांगायचो, किती वेळा ठोकलीय, कुठच्या बाजूने ठोकलीय, आणि ठोकली तेव्हा ड्रायव्हर बायकोशी भांडत होता की मेव्हण्याशी.

तर माझा नातू रसेल. चोवीस वर्षांचा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. त्याने जुनी गाडी घेतली. चांगली गाडी हां! चार दरवाजे, मागे डिकी, देवाने दिलेली उंची. ती उंची बघूनच याच्या पोटात दुखायला लागलं. स्प्रिंगा बदलल्या आणि गाडी दोन इंच खाली बसवली. का रे बाबा? तर बोलतो, "ग्रँपा, स्टान्स." स्टान्स म्हणजे? "म्हणजे गाडी उभी कशी राहते ते." अरे, उभी कुठे राहिलीय ती? बसलीय! आरेच्या तबेल्यातली म्हैस दूध काढून झाल्यावर बसते तशी बसलीय! अंधेरीत रस्ता कसा आहे तुला माहीत आहे. इथे माणूस गाडीला शिडी लावायचा विचार करतो, आणि हा खाली घेतो.

बरं, खाली घेतली ती घेतली, वर रुंद चाकं. असल्फ्याला कोण तो रतन आहे, चाकं विकतो. तो मला काय बोलतो, "काका, टेन्शन नाय घ्यायचं. ॲपमधे टाकलंय सगळं. साईज, ऑफसेट, सगळं. एकदम मक्खन. घासली तर मिशी काढून देईन." मी नीट बघितलं. त्याला मिशी नव्हती.

ऑफसेट म्हणजे काय, तर चाक किती आत जाणार आणि किती बाहेर येणार त्याचा हिशेब. रुंद चाकाचं कसं असतं सांगू? सून आणि सासू यांच्यामधे जो बसतो ना, तसं. आत सरकवलं तर आतल्या स्प्रिंगेला लागतं, बाहेर काढलं तर मडगार्डच्या कडेला लागतं, आणि जिथे लागेल तिथून ओरडा येतो. तर रतनने चाकं बसवली, जॅक खाली सोडला, आणि मडगार्ड आणि टायर यांच्यामधे बोट घातलं. "बघा काका, बोट जातंय." बोट जातंय! अरे बोट कुठेही जातं! गाडीत माणूस कुठे आहे? आत बसलंय कोण? कोणी नाही! मी तेव्हाच बोललो, रिकाम्या गाडीला सगळंच बसतं. तर रसेल कानातलं काढून बोलतो, "काय बोललात?" आणि परत घातलं.

घरी येताना चार मित्र बसले मागेपुढे. गावठाणाच्या तोंडाशी गटाराचं झाकण आहे ना, जे वर आलंय? तिथे आली गाडी आणि... खर्रर्र. मी इथेच बसलो होतो, याच बाकड्यावर. तुला सांगतो, पत्र्याला टायर घासतो तो आवाज मला दातात ऐकू येतो. उठलो. मागच्या दोन्ही चाकांना रबर सोललेलं, आणि ते पण नव्या टायरचं.

आता तू बोलशील, घासली तर घासली, जुनी चाकं लाव. तसं नव्हतं ना! नऊ दिवसांवर त्याच्या बहिणीचं लग्न. माझी नात, ॲमांडा. ती सहा वर्षांची असल्यापासून बोलायची, मी चर्चला जाईन तर भावाच्या गाडीतून. तेव्हा भावाकडे तीन चाकांची सायकल होती. आता गाडी होती, आणि जुनी चाकं या शहाण्याने विकून टाकलेली. रतनकडे परत गेला, तर रतनने चाक अजून बाहेर काढलं, तर अजून घासली. "भाड्याची घेऊ," रसेल बोलला. ॲमांडा? ती रडली असती, ओरडली असती, तर मी ऐकलंच नसतं, आमच्या घरात बायका ओरडतात ते मी पंख्यासारखं ऐकतो. पण तिने काय केलं, गाडीच्या बॉनेटला बांधायची पांढरी रिबीन आणली होती, ती गोल गुंडाळली आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिली. झाकण लावलं. एवढंच.

मी उठलो. बोललो, मागच्या मडगार्डची आतली कड मी वर दुमडतो. पत्र्याची कड अर्धा इंच आत आलेली असते, ती सपाट केली की टायरला जागा. आम्ही हे तेव्हा करायचो जेव्हा रतनच्या बापाला पण मिशी नव्हती.

आणि तेव्हा रसेल बोलला. भर गल्लीत. शेजारचे चार जण उभे, बँडवाला वेळ नक्की करायला आलेला तो उभा. "ग्रँपा, तुमचा जमाना गेला. हे हातोडीचं काम नाही. तुमचा हात थरथरतो."

आणि वरून, माडीच्या खिडकीतून, हसण्याचा आवाज! माझी मेव्हणी, डेल्फिन. माझी बायको जोसेफीन, तिची मोठी बहीण. आम्ही खाली राहतो, ती वर राहते, बावीस वर्षं माझ्या डोक्यावर चालते, आणि चालते म्हणजे... अंगाने चांगली आहे. वरून बोलते, "बरोबर बोलला पोरगा! ग्रेगरीला सूप प्यायला दे, अर्धं शर्ट पितो!"

मला काय झालं विचारू नकोस. मी बोललो, ठीक. मी करतो. नवरीला घेऊन गाडी चर्चला जाईल आणि घासणार नाही. नाही घासली तर तुम्ही दोघांनी या क्रुसासमोर उभं राहून सॉरी बोलायचं. मोठ्याने. डेल्फिन बोलते, "आणि घासली तर?" घासली तर माझी हातोडी विहिरीत. समजलं ना? लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बायका बँड लावून विहिरीवर जातात, उंबराचं पाणी म्हणतात ते आणायला, त्याच पाण्याने नवरीला आंघोळ. त्याच विहिरीत. एक्केचाळीस वर्षांची हातोडी.

आता काम ऐक. पहिली गोष्ट, नेमकं कुठे घासते? जोसेफीनच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि मडगार्डच्या आतल्या कडेला बोटाने फासला. टायर जिथे लागेल तिथला चुना पुसला जाणार. दुसरी गोष्ट, वजन. लग्नाचं वजन पाहिजे. मागच्या सीटवर कोण बसणार? ॲमांडा, काडी. तिची करवली, काडी. आणि आमच्यात गॉडमदर नवरीबरोबर बसते. गॉडमदर कोण?

हां.

खिडकीखाली जाऊन हाक मारली, डेल्फिन, जरा गाडीत येऊन बस. "का?" बोललो, वजन पाहिजे. खिडकी बंद झाली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, इतकी शांतता.

मग काय करणार? लग्नासाठी तांदूळ आणलेला होता. रसेलला बोललो, एक गोणी टाक मागे. टाकली. अजून एक टाक. आणि खिडकी इतकीशी उघडली. मी कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. बोललो, कांद्याची पण टाक. वरून, "जेजू मारिया!" मी बोललो, रसेल, जोसेफीनचा पाटा-वरवंटा कुठे आहे? खिडकी धाडकन बंद! अरे बाई, पत्रा खोटं बोलत नाही, मी का बोलू? गटाराच्या झाकणावरून गाडी नेली, खर्रर्र, आणि बघितलं तर दोन्ही बाजूला हातभर चुना साफ पुसलेला. रसेल बोलतो, "ओह." एवढंच, ओह. ॲपमधे गोणी टाकायला जागाच नव्हती! रिकाम्या गाडीला सगळंच बसतं!

चाकं अर्धा पाव इंच आत घ्यायला रतनला लावलं, जेवढी आतली स्प्रिंग सोडत होती तेवढी. आता कड. कड दुमडायची म्हणजे हातोडीने ठोकायची नाही, ठोकलीस तर बाहेरून रंगाला तडे जातात. पत्रा हीटगनने गरम करायचा, इतका की हात ठेवून तीनपर्यंत मोजता आलं पाहिजे. मग टायर आणि कड यांच्यामधे गोल जाड लाकूड घालायचं, आणि माणसांनी गाडी ढकलायची, इंच इंच, पुढे, मागे. टायर लाकडाला ढकलतो, लाकूड कडेला ढकलतं, कड वर जाते. चपातीसारखी. फक्त मधे थांबायचं नाही. थांबलास तर तिथे पोचा, तो मग मरेपर्यंत दिसतो.

माझं लाकूड शोधलं तर वाळवीने खाल्लेलं. तसंच दुसरं पाहिजे, गुळगुळीत, मनगटाएवढं जाड. मी डोळे मिटले आणि मला ते दिसलं. डेल्फिनच्या दारामागे उभं असतं ते. तिच्या आईचं मुसळ.

तू बाटली मसाला खाल्लायस? नाही? मग काय जगलास? मे महिन्यात आमच्या बायका मिरची उन्हात कडक करतात, वीस-पंचवीस जिन्नस भाजतात, सगळं उखळात घालून कुटतात आणि बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात. वर्षभर तोच. त्या मुसळाने पन्नास वर्षं मिरची कुटली होती. फक्त मिरची. लाकूड आतपर्यंत लाल. हे मला माहीत होतं. बघ, मी खोटं बोलत नाही, माहीत होतं. पण माझं सगळं डोकं मडगार्डमधे होतं.

डेल्फिन नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली चर्चमधे, आणि जोसेफीनने मला ते खाली आणून दिलं. सख्ख्या बहिणीचं! बोलली, "लवकर कर, आणि मी दिलं नाही."

गाडीत गोण्या. मागे ढकलायला रसेल आणि पाच जण. बँडवाले पलीकडे सराव करत होते. मी चाकाशी आडवा झालो, पत्रा गरम केला, हात ठेवला, एक, दोन, तीन. मुसळ घातलं. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातात हीटगन चालूच, पत्रा थंड होता कामा नये. बोललो, ढकला. कड वर जायला लागली, लोण्यासारखी... आणि गरम हवा लागली मुसळाला.

पहिला खोकला रसेलचा. मग त्याच्या बाजूच्याचा. मग मला नाकात कोणीतरी पेटती काडी घातली. पन्नास वर्षांची मिरची, नितेश! एकदम! बँडवाल्याने ट्रम्पेट फुंकायला मोठा श्वास घेतला, तो नेमका हाच घेतला, आणि जो सूर निघाला तसा सूर म्हशीला पण परवडत नाही. रसेल ओरडतो, "ग्रँपा, थांबवा! मरतो!" मी बोललो, थांबायचं नाही! पोचा येईल! मर, पण ढकल! आणि ते ढकलतायत, आणि रडतायत, पुढे, मागे, पुढे, मागे, आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर आले, ते पण रडायला लागले, सगळी गल्ली गाडीभोवती गोळा होऊन ढसाढसा रडतेय...

आणि वळणावरून डेल्फिन आली, हातात रोझरी.

तिने काय बघितलं? सगळी गल्ली रडतेय आणि मधे मी जमिनीवर पडलोय. "कोण गेलं? ग्रेगरी गेला?" असं बोलून जी किंचाळत धावली... आणि तुला सांगतो, मला एक सेकंद बरं वाटलं. रडली की माझ्यासाठी! खरं रडली, मिरचीच्या आधी रडली! मग जवळ आली, मी जिवंत, आणि चाकाच्या वर काय? "आईचं मुसळ!" आई गेली तेव्हा पण इतकी नाही रडली. बोलली, "गेला असतास तर बरं झालं असतं!"

पण काम? दोन्ही बाजूंची कड सपाट. नखाने तपासली, बोटाने तपासली, कुठे तडा नाही, पोचा नाही. हात थरथरतो बोलला ना? थरथरतो. सूप पिताना थरथरतो, सही करताना थरथरतो. पत्र्यावर ठेवला की थांबतो. का, ते मला माहीत नाही. डॉक्टरला पण माहीत नाही.

गोण्या घेऊन आरेच्या रस्त्याने गाडी नेली, तिथे गतिरोधक मोजून थकशील. गप. एक आवाज नाही. परत आलो, क्रुसासमोर उभा राहिलो, बोललो, हां, बोला आता. रसेल तोंड उघडतच होता, तर डेल्फिन वरून काय बोलते माहीत आहे? "गोण्यांना काय, गोण्या हलत नाहीत. रिकाम्या गाडीला सगळंच बसतं, तूच बोलतोस ना ग्रेगरी? लग्नादिवशी माणसं बसू देत, मग बघू." माझंच वाक्य! मलाच! आणि रसेलने तोंड मिटलं.

लग्नाचा दिवस. सकाळी ॲमांडाने बिस्किटाचा डबा उघडला आणि रिबीन बॉनेटला स्वतः बांधली. मी कोणाला न सांगता परत कडेला चुना फासला, नवा सूट घालून. पुढे मी, रसेल चालवतोय, मागे नवरी, करवली आणि मधे डेल्फिन. पहाटेपासून मैद्याचे फुगे तळत होती, थकलेली. मी सीटच्या खाली हातोडी ठेवलेली. असू दे, शब्द तो शब्द. निघालो. गटाराचं झाकण, काही नाही. नाक्यावरचा खड्डा, काही नाही. मी श्वास घेत नव्हतो. चर्चचं गेट आलं. पुढे बँड, माणसं, दोन्ही बाजूला सगळं गावठाण उभं...

खर्रर्र.

माझा हात सीटच्या खाली हातोडीवर गेला. आणि मागून डेल्फिन दचकून सरळ बसली, खिडकी खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "घासली! घासली रे! बोलले होते ना मी! ग्रेगरीचा हात गेला!" बँड थांबला. माणसं माझ्याकडे बघायला लागली. काही जण "च् च् च्" करत होते, ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागतं. मी हातोडी घेऊन उतरलो आणि नव्या सुटासकट जमिनीवर आडवा झालो, चर्चच्या दारात, आणि चाकाच्या वर बघितलं.

चुना होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक रेघ पण पुसलेली नाही! दुसऱ्या बाजूला सरपटत गेलो. तिथे पण!

मी खालूनच बोललो, रसेल, आवाज कुठून आला? रसेल माझ्या बाजूला आडवा झाला, भाड्याच्या कोटात. चुना बघितला. मग हळू बोलला, "ग्रँपा, गाडी उभी होती. बँडसाठी थांबवलेली. चाक फिरतच नव्हतं." मग आवाज? तर गाडीतून ॲमांडा, तोंडावरच्या वेलच्या जाळीतून, हसून हसून डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, बोलते, "ग्रँपा, गाडी नव्हती ती. आंटी होती. झोपली होती ती. स्वतःच्या घोरण्याने उठली."

रसेल उठला. कपडे झटकले. कानात काही नव्हतं त्या दिवशी. सगळ्यांसमोर बोलला, "ग्रँपा, सॉरी. तुमचा हात थरथरत नाही." मी बोललो, थरथरतो, पण ठीक आहे. रतनचा पण फोन आला नंतर, सॉरी बोलला. त्याच्याकडून तर मी मागितलं पण नव्हतं.

आणि ती? ती बोलते, "मी घोरत नाही. माझा नवरा गेला त्याला बावीस वर्षं झाली, साक्षीदार कोण?" अरे, साक्षीदार मी! खाली झोपतो मी! लग्नाला आठ महिने झाले. ॲमांडा सांगून थकली, जोसेफीन सांगून थकली. मुसळाबद्दल मी तिला नवीन मुसळ देतो बोललो, तिने ते पण नाही घेतलं, तेच वापरते, बोलते मसाल्याला आता टायरचा वास येतो. आणि खाते! आणि पूर्ण गावाला अजून सांगते की गाडी घासली. हातोडी अजून माझ्याकडे आहे, विहीर तिथेच आहे, क्रूस इथेच आहे. तुला काय वाटलं, मी रोज दुपारी तीन वाजता या उन्हात हवा खायला येऊन बसतो? वाट बघतो रे. खिडकीखाली बसून वाट बघतो, की आज तरी खाली येईल आणि एक शब्द...

थांब. गप. ऐक.

...खर्रर्र. ऐकलंस? गाडी दिसते कुठे? आहे गल्लीत एक तरी गाडी? नाही ना? वर बघ, माडीच्या खिडकीत.

झोपली. गेली आजची पण दुपार. डेल्फिन.